पदीच्या चार तबकड्या

“आक्का, आज फोन मुका हाय व्हय तुमचा?”

दस्तगीर जॉबरनं हे विचारलं, तेव्हा मी पदरानं फोन पुसत होते. सकाळपासून कितव्यांदा पुसत होते कुणास ठाऊक. दस्तगीर म्हणजे आमचे माग दुरुस्त करणारा माणूस. पिकलेल्या मिशा, कानावर विडी, आणि कुठल्या मागाला काय दुखतंय ते दारातून आत येतानाच ओळखणारा. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा. नवरा गेल्यावर इचलकरंजीतला हा कारखाना मी चालवला तो त्याच्या जिवावर. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर पगारवाढ मागितली असती.

“मुका असंल न्हाईतर बहिरा. तुला काय करायचंय? तो कोपऱ्यातला माग बघ, धोटा उडवायला लागलाय.”

“बघतो. पर काल बी वाजला न्हाई. परवा बी.”

“मोजतोस काय रे माझे निरोप?”

“मोजतोय कशाला? वाजला की तुम्ही शिव्या देताय, न्हाई का? दोन दिवस झालं, शिवी न्हाई कानावर.”

आता हे शिव्यांचं प्रकरण सांगायला पाहिजे. या सगळ्यालाच आता सात-आठ वर्षं होऊन गेली, पण सांगायला पाहिजे.

माझी मुलगी पद्मजा. मी पदी म्हणते. पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायची, कंपनी परदेशी, पण काम घरातूनच. एकटी राहायची. चौतिशी गाठली होती आणि लग्नाचं नाव काढलं की हिला हटकून मीटिंग असायची. त्या दिवाळीला आली, तेव्हा आपला जुना फोन मला देऊन गेली. नवा घेतला होता तिनं. मी तो चुलीच्या खोलीत कोनाड्यात ठेवला आणि संध्याकाळी तो आपला आपण ओरडायला लागला. टिंग टिंग टिंग टिंग. घोडं दौडत गेल्यासारखं.

“अगं बाई! काय झालं त्याला?”

“काही नाही गं,” पदी हसली. “माझ्या पुण्याच्या खोलीत एक डबा आहे. त्यात चार डिस्क आहेत. सगळं साठवून ठेवायच्या तबकड्या म्हण. बराच वेळ काही काम नसलं, की वीज वाचावी म्हणून त्या झोपतात. झोपताना प्रत्येक जण एक ओळ लिहिते, मी आता थांबते म्हणून. उठताना परत एक ओळ, मी आता चालू होते म्हणून. मी तपासणीसाठी त्या ओळी या फोनवर येतील असं केलं होतं, ते काढायचं राहिलं.”

“झोपताना सांगून झोपतात?”

“हो.”

“आणि उठल्यावर सांगतात?”

“हो ना. तीच तर कटकट आहे. माझं सध्याचं काम तेच आहे, आई. डिस्क चालवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो उगाच बडबड करतो. माझ्याकडं चार डिस्क, पण मोठ्या ठिकाणी शेकड्यांनी असतात. सगळ्या झोपल्या-उठल्याचं लिहीत बसल्या की पानंच्या पानं भरतात, आणि एखादी खरंच बिघडली तर तिची ओळ त्या ढिगाऱ्यात सापडत नाही. म्हणून ही बडबड कमी करायची.”

“म्हणजे मशीनचं तोंड बंद करायला तुला पगार देतात?”

“असंच काहीसं.”

“मला सांगितलं असतं तर मी फुकटात केलं असतं.”

“तुला ते तिथं घ्यायचे नाहीत आई, तू सगळ्यांचीच तोंडं बंद करशील,” असं म्हणून तिनं माझ्या गालाला हात लावला. पुढच्या खेपेला ते काढून देते म्हणाली आणि गेली.

पुढची खेप आलीच नाही. कारण संक्रांतीला मीच पुण्याला गेले. एकटी नाही गेले. सोबत वरुट्यांचा मुलगा होता, त्याची आई होती आणि एक मामा. मुलाची सुताला खळ लावायची सायझिंग मिल, दोन मजली घर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, पोरबाळ नाही. पदीला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर मीटिंग निघाली असती.

तिनं दार उघडलं, चौघांना बघितलं, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता चहा टाकला. माझं पोर, चहा चांगला टाकते. वरुट्यांच्या आईनं विचारलं, “पोरीला विचारलंय न्हवं?” आणि मी काय बोलून गेले, तर, “तिला विचारायचं काय? तिला कळतंय काय आपलं भलं?”

पदी कपबशा गोळा करत होती. तिनं बशी खाली ठेवली. पाहुण्यांना हात जोडून म्हणाली, “तुमची काही चूक नाही. पण मला लग्न करायचं नाही.” पाहुणे जिना उतरल्यावर मला म्हणाली, “आई, गिऱ्हाइकासमोर कापडाचा ताका उलगडावा तसं मला उलगडलंस.”

मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. मीही चार बोलले. माणसापेक्षा डबा जवळचा झाला म्हणाले. बापानं डोक्यावर चढवून ठेवलं म्हणाले. शेवटी म्हणाले, “आता तू फोन केल्याशिवाय मी करणार नाही.”

“मीही नाही,” ती म्हणाली.

माझीच मुलगी ती. दिलेला शब्द पाळणारी.

पौष संपला, माघ गेला, होळी झाली. ना तिचा फोन, ना माझा. पण कोनाड्यातला तो फोन मात्र टिंग टिंग करत राहिला.

पहिल्यांदा मी त्याला नुसतं शिव्या घालायची. मग हळूहळू कान सरावला. मला इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही चौथीपर्यंतचंच. पण मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाला त्या खडखडाटाखालचं बारीक ऐकू येतं. सुताची एक तार तुटली तरी कळतं. त्या तबकड्या झोपायच्या तेव्हा सगळ्या एकदम, टिंगटिंगटिंगटिंग. आणि उठायच्या तेव्हा एक-एक करून, टिंग... टिंग... टिंग... टिंग. ते का, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. लाईट जाऊन परत आली, की आपणही सगळे माग एकदम चालू करत नाही. फ्यूज उडतो. एक चालू करायचा, त्याचा सूर लागला की दुसरा.

मग काय, पदीचा दिवस मला ऐकू यायला लागला. सकाळी एक-एक टिंग झालं, की पदी कामाला बसली. दुपारी घोडं दौडलं, की जेवायला उठली. घोडं दौडलंच नाही, की जेवली नाही, की मी इथं भाकरी थापता थापता म्हणायची, “जेव की भवाने, डबा पळून जातोय काय तुझा!” हीच ती दस्तगीरनं मोजलेली शिवी. रात्री कधी कधी घोडं फार उशिरा दौडायचं, तेव्हाच्या शिव्या मी इथं लिहीत नाही. आणि प्रत्येक निरोपाबरोबर त्या फोनवर एक लाल ठिपका यायचा. ठिपका राहिला की मला चैन पडत नसे. उष्टं भांडं तसंच राहिल्यासारखं वाटायचं. मी बोट लावून तो घालवायची.

मग शिमग्यानंतर एक चमत्कार झाला. घोडं रोज वेळेवर दौडायला लागलं. आमच्या घरात जेवणं आवरायची आणि इकडं कोनाड्यातून टिंगटिंगटिंगटिंग. रोजच्या रोज. मी दस्तगीरला म्हटलंसुद्धा, “शहाणी झाली माझी पोरगी. लवकर निजायला लागली.”

“फोन आला व्हता?” त्यानं विचारलं.

“नाही. पण कळतं.”

तो विडी ओढत राहिला.

आणि अशात एकदम सगळं बंद. ना सकाळचं उठणं, ना रात्रीचं निजणं.

पहिल्या दिवशी वाटलं, पुण्यात लाईट गेली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, फोन बिघडला असेल. म्हणून दस्तगीरच्या फोनवरून माझ्या फोनला फोन करून बघितला, तर चांगला खणखणीत वाजला. मागावर बसणाऱ्या माणसाला आवाजाची भीती नसते, आवाज थांबण्याची असते. माग थांबला म्हणजे काहीतरी तुटलं.

“फोन करा की तिला,” दस्तगीर म्हणाला.

“मी?”

“न्हाईतर काय मी करू?”

“मी सांगितलंय तिला. मी करणार नाही.”

“आक्का, पोरगी एकटी ऱ्हाती...”

“एकटी राहते ते मला ठाऊक आहे!” मी ओरडले. तो घाबरला नाही. तीस वर्षं ओरडा खाल्लेला माणूस. पण मीच घाबरले, आवाज माझा मलाच फुटल्यासारखा वाटला. “मी फोन करणार नाही असं म्हटलंय. येणार नाही असं कुठं म्हटलंय?”

त्यानं विडी कानावरून काढली, परत कानावर ठेवली. “फोनपरास पुणं लांब पडतंय आक्का.”

“कोपऱ्यातल्या मागाकडं बघ,” मी म्हटलं आणि पिशवी भरायला आत गेले.

शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या कडक भाकरी, काळा मसाला, तिच्या आवडीची गवारी कागदात गुंडाळून. मेलेल्या माणसासाठी कुणी गवारी नेतं का? नाही. म्हणून घेतली. असं मनाला सांगत मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसले. शेजारची बाई साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत होती. तिला मी काय उत्तरं दिली ते आता आठवत नाही, पण साताऱ्याला जागा रिकामी झाल्यावर ती उठून दुसरीकडं जाऊन बसली, एवढं आठवतं.

पुण्यात रिक्षावाल्यानं दोनदा चुकवलं. तिसऱ्यांदा चुकवायचं धाडस त्याच्यात मी राहू दिलं नाही. जिना चढताना गुडघे कुरकुरत होते आणि मी मनातल्या मनात देवीला काय काय कबूल करत होते ते देवीलाच माहीत. ते सगळं अजून फेडून झालेलं नाही.

बेल दाबली. आतून काही नाही. पुन्हा दाबली. मग बोट काढलंच नाही.

दार उघडलं. कानात वायरी, केस डोक्यावर गुंडाळून त्यात पेन्सिल खुपसलेली, अंगात बापाचा जुना शर्ट. डोळ्यांखाली काळं. पण उभी, धडधाकट.

“आई?”

“नाही, तिचं भूत! मेली नाहीस होय तू?”

“मी कशाला मरू?”

“मग कळवायला काय झालं?”

“काय कळवू? मेले नाही म्हणून?”

“हो!”

तिनं कानातल्या वायरी काढल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला झाली. मी आत जाऊन खुर्चीत बसले. खुर्ची चाकांची होती, मला घेऊन भिंतीपर्यंत गेली. त्या घाईत मला रडू फुटलं ते तिला दिसलं नाही. दिसलं असेल तर तिनं दाखवलं नाही.

तो डबा टेबलाखाली होता. एवढा मोठा जीव टांगणीला लावणारी वस्तू, आणि आमच्या पिठाच्या डब्याएवढीही नाही. हिरवा दिवा लागलेला.

“हा जिवंत आहे,” मी म्हटलं.

“हो.”

“मग बोलत का नाही?”

पदीनं पाणी आणून दिलं. “माझं काम झालं आई. तो बदल घेतला त्यांनी. जगभरात ज्यांच्याकडं तो ड्रायव्हर आहे, त्यांच्याकडं आता जाईल.” सांगताना क्षणभर चेहरा असा उजळला, लहानपणी पहिल्यांदा सुताची कांडी भरून दाखवली होती तसा. “खूप अडलं होतं. तो ड्रायव्हर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, ते परत परत नाकारत होते. मी सगळ्याच ओळी काढल्या होत्या. ते म्हणाले, रोजचं झोपणं-उठणं लपव, पण जी डिस्क उठू शकली नाही तिची ओळ राहिलीच पाहिजे. बरोबर होतं त्यांचं. ते नीट केलं, मग घेतलं.”

“बरं केलंस. पण मला काय कळणार त्यातलं! मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“तुझ्या त्या टिंगवरून मला कळायचं, तू उठलीस का, निजलीस का. ते थांबलं. आता मला काय ठाऊक तुझं काम झालं ते!”

मला वाटलं, ती चकित होईल. नाही झाली. टेबलाला टेकून उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुला ऐकू जातं ते. तू तो लाल ठिपका घालवायचीस ना? इकडं मला दिसायचं, कुठल्या फोनवर निरोप उघडला ते. आधी वाटलं चुकून. मग बघितलं तर एकही सुटत नव्हता. दुपारी तू उशिरा उघडलास की वाटायचं, तिकडं लाईट गेली असेल आणि आक्कासाहेब महामंडळाला शिव्या देत असतील. किंवा गुडघा दुखत असेल.”

मी हिच्यावर पाळत ठेवून होते आणि ही माझ्यावर.

“म्हणजे तू लवकर निजायला लागलीस ते...”

“मी नाही. तबकड्या.” ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “तुझं जेवण आवरायच्या वेळेला मी त्यांना मुद्दाम झोपवायचे. तुला बरं वाटावं म्हणून. मग मी लॅपटॉप घेऊन बसायचे.”

“किती वेळ?”

“उजाडेपर्यंत कधी कधी.”

“आणि मी तिकडं गावभर सांगत होते, पोरगी शहाणी झाली म्हणून!”

“गावभर?”

“दस्तगीरला सांगितलं म्हणजे गावभरच.”

ती आता खरंच हसली. मग म्हणाली, “माझ्या या डब्यावर मला त्या ओळी चालू ठेवता आल्या असत्या, आई. एक शब्द बदलायचा होता नुसता.”

“मग ठेवल्या का नाहीस?”

ती पिशवीतली गवारी बाहेर काढून कागद उलगडत बसली. तो कागद असा सावकाश उलगडत होती, जणू आत सोनं आहे. मी तिच्याकडं बघत राहिले आणि माझ्या जाड डोक्यात उजेड पडला.

“मला इथवर आणायला?”

“फोन तर तू करणार नव्हतीस.”

“तू करायचास!”

“मीही करणार नव्हते.”

“म्हातारीचा जीव घेतला असतास, नालायक कार्टे! वाटेत मला काही झालं असतं म्हणजे?”

“काल संध्याकाळी तुझा पत्ता नव्हता, तेव्हा मीच घाबरले. उघडायला निरोपच नाही, तर तू आहेस की नाहीस ते मला तरी कसं कळणार? ते डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. आज दुपारच्या गाडीनं निघणार होते मी. ती बघ बॅग.”

दाराजवळ खरंच बॅग होती. येताना मी तिला अडखळले होते आणि मनात म्हटलं होतं, हिला घर आवरायला नको.

मग गवारी मी निवडली आणि भाजी तिनं टाकली. चटणी-भाकरी काढली. जेवलो. एक अक्षर वरुट्यांबद्दल नाही, संक्रांतीबद्दल नाही. जेवण झाल्यावर ती म्हणाली, “तुझा फोन दे. परत चालू करून देते तुझ्यासाठी.”

मी फोन कमरेतून काढला, हातात धरला, आणि दिला नाही.

“नको.”

“का? तुला बरं वाटतं ना?”

“खोटं बरं वाटतं. तबकड्या निजल्याचं कळून मला काय करायचंय?” मी तिच्या डोळ्यांखालच्या काळ्याकडं बघितलं. “तू सांग. झोप का येत नाही तुला?”

हा प्रश्न मी तिला कधी विचारला नव्हता. झोप म्हणायची, निज म्हणायची, दिवा घालव म्हणायची. पण का येत नाही, हे नाही.

ती पलंगावर माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, “तू त्या दिवशी म्हणालीस ना, तिला विचारायचं काय. ते रात्री आडवं पडलं की कानात येतं. काम करत राहिलं की येत नाही.”

माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य येऊन उभं राहिलं, की आईच्या बोलण्याचं एवढं धरून बसतात का. ते मी मागं ढकललं.

“मला एकटीला राहायची भीती वाटत नाही, आई. कामात खूप छान वाटतं मला. पण मला कधी कधी वाटतं, मी आवडते तुला, पण मी जशी आहे तशी नाही.”

दुसरं वाक्य आलं, की वरुट्यांचा मुलगा काही वाईट नव्हता. तेही ढकललं. तिसरं आलं, की रात्री चहा ढोसतेस म्हणून झोप येत नसेल. चौथं, की डोक्याला तेल लावत नाहीस. एकेक ओठापर्यंत यायचं आणि मी दात घट्ट मिटून परत पाठवायची. एवढी मेहनत मी मागावरही कधी केली नव्हती.

ती बोलत राहिली. बापाची आठवण सांगितली. पहिल्या नोकरीत कुणी तरी केलेला अपमान सांगितला, तो मला ठाऊकच नव्हता. मशीन कसं असतं आणि तिला ते का आवडतं ते सांगितलं, त्यातलं मला काही कळलं नाही, पण तिचा आवाज कळला. मध्येच कधीतरी तिनं डोकं माझ्या मांडीवर टेकवलं. वाक्यं तुटक झाली. मग एक वाक्य अर्धंच राहिलं.

भर दुपारी, खिडकी सताड उघडी, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि माझी चौतीस वर्षांची पोरगी तोंड उघडं टाकून झोपली होती. पेन्सिल अजून केसातच. ती मी हळूच काढली. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, मग आहे की नाही तेही कळेना.

तेवढ्यात अर्धवट लोटलेलं दार ढकलून शेजारची बाई आत डोकावली. “पद्मजा, अगं केवढा आवाज येत होता सकाळी, कोण आलंय...”

मी चंद्राक्का मुसळे. माझ्या तोंडाला आमची अख्खी गल्ली बिचकते. मी तिच्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.